साडीवरून टेकवलेली नळी

चि. बाळा,


तुझा फोन झाला आणि आत्याचा चहा ओट्यावरच निवला. खिडकीला बारीक जाळी लावली तर मागांची धूळ आत यायची थांबेल का, एवढंच तू विचारलंस. मग जाता जाता सांगितलंस, की पाचवा महिना लागल्यापासून सूनबाईला दोन जिन्यांत दम लागतो, रात्री तीन उशा रचून अर्धवट बसूनच झोपते, दवाखान्यातून पंप दिलाय. अरे, आधी सांगायची गोष्ट शेपटाला?

भिवंडीत कुणी खोकलं की खापर धुळीवर, ही कामतघरपासून शांतीनगरपर्यंतची जुनी खोड. धुळीने छाती बिघडते, खोटं नाही. पण पाठ टेकली की दम लागणं, मध्यरात्री घुसमटून उठणं, धडधड, संध्याकाळी पावलं सुजणं, ही लक्षणं हृदयाच्या झडपेचीही असतात. डावीकडच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप निरोगी असली तर चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडते. ती आकसून दीडवर आली की रक्त मागे तुंबतं, थेट फुप्फुसांत. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळपास निम्म्याने वाढतं, आणि तोवर गुपचूप राहिलेलं दुखणं तेव्हा वर येतं. पोटुशी बाईला थोडी धाप लागतेच, रक्त कमी असलं तरी लागते, हे आत्यालाही ठाऊक आहे. तीन उशा मात्र त्यात बसत नाहीत.

डॉक्टरांनी तिला निजवून तपासलं, की खुर्चीतच साडीवरून नळी टेकवली? १८१६ साली पॅरिसच्या लाएनेकला तरुण बाईच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला, म्हणून त्याने कागदाची सुरळी केली. त्यातूनच स्टेथोस्कोप आला. आपल्याकडे दोनशे वर्षांनीही तोच संकोच आडवा! आकसलेल्या मायट्रलचा आवाज खोल आणि फार हलका. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवावं तेव्हा कुठे सापडतो. भिंतीपलीकडे माग खडखडत असतील तर काय ऐकू येणार, कपाळ! नुसता कार्डिओग्राम चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नकोस. इको हवा.

लहानपणी घसा धरून ताप आणि मग गुडघे-घोटे आळीपाळीने सुजणं असं तिला झालं होतं का, हे तिच्या आईला विचार. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंमागोमाग येणारा हा संधिवाताचा ताप पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना गाठतो, दाटीवाटीच्या खोल्यांत जास्त. सांधे बरे होतात, झडपेची इजा राहते. म्हणून तर आत्या पोरांच्या घशावरून साऱ्या नात्यात भांडत आली. ताप उतरला की दुसऱ्या दिवशी गोळ्या बंद करणाऱ्या आया बघितल्या की तिचं डोकं फिरतं. संधिवाताचा ताप एकदा ठरला, की दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं. तुझ्या थोरलीच्या घशाचं काय? मिठाच्या गुळण्यांवरच भागवताय ना?

इकोत काही निघालं तर हातपाय गाळू नकोस. जपानच्या कांजी इनोउएने १९८४ साली फुग्याची रीत मांडली. जांघेतून नळी नेऊन आकसलेली झडप मोकळी करतात, गरज पडली तर गरोदरपणीही. आधी इंदिरा गांधी उपजिल्हा रुग्णालयात दाखव, ठाण्याला किंवा परळच्या केईएमला जायचं का ते विचार. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी तिथेच कर.

आणि आमचा दादा! कल्याण नाक्यावर भोवळ येऊन टेकला, म्हणे वय झालं. उतारवयात महाधमनीच्या तोंडाची झडप कॅल्शियम साचून कडक होते; चढताना छाती भरून येणं, डोळ्यांपुढे अंधारी, ही तिची लक्षणं. माणूस हळूहळू चालणंच कमी करतो आणि ‘मला कसलाही त्रास नाही’ म्हणतो. मागच्या दिवाळीत जमत होतं ते आता काय जमत नाही, असं विचार त्याला.

दोघांनाही उद्याच ने. मधेच रात्री सूनबाईला बसूनही श्वास पुरेना किंवा खोकल्यातून गुलाबी फेस आला, तर सकाळची वाट बघू नका. आणि दाखवून आलास की फोन कर, व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा पाठवू नकोस.

तुझी,
आत्या