पिल्लामागची कुत्री

घरात नवं पिल्लू आलं की लहान मूल एक प्रश्न हमखास विचारतं, “याची आई कुठंय?” मोठ्यांकडे उत्तर नसतं, कारण पिल्लू घेताना त्यांनी तो विचारलेलाच नसतो. मग ‘ती तिकडे, तिच्या घरी’ असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली जाते. हे ‘तिकडे’ म्हणजे नेमकं कुठे, ते लुसी नावाच्या एका कुत्रीच्या आयुष्यातून कळतं. लुसी कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल जातीची. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात, जिथे पिल्लांची अक्षरशः पैदास चालते अशा एका ठिकाणी तिला ठेवलं होतं. माजावर आली की लावायची, व्याली की पिल्लं विकायची, एवढाच तिचा उपयोग. २०१३ मध्ये तिची सुटका झाली तेव्हा ती पाचेक वर्षांची होती. अरुंद जागेत कोंडून राहिल्याने कमरेचे सांधे जखडून गेले होते, कणा वाकला होता, अंगावरचे केस जागोजागी गेले होते, फिट्स येत होत्या. एका बाईंनी तिला आपल्या घरी नेलं. तिथे तिला तीन-साडेतीन वर्षं मिळाली. डिसेंबर २०१६ मध्ये ती गेली.

एरवी अशा कुत्रीचं नावही मागे राहत नाही. लुसीचं राहिलं, कारण तिच्या मृत्यूनंतर वर्षभराने मार्क अब्राहम या पशुवैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिच्या नावाने मोहीम उभी केली. लोकांच्या सह्यांमुळे प्रश्न संसदेत गेला आणि ६ एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये ‘लुसीचा कायदा’ लागू झाला. त्यातली अट साधी आहे. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू दुकानदाराने किंवा मधल्या दलालाने विकायचं नाही. ज्याच्याकडे ते जन्मलं त्यानेच, जन्मल्या जागी, आईसोबत दाखवून विकायचं. पुढच्या वर्षी वेल्सनेही दलालांच्या विक्रीवर बंदी आणली. माझ्या मते या कायद्याचं शहाणपण त्याच्या आखूडपणात आहे. ‘चांगला ब्रीडर कसा ओळखावा’ यावर याद्यांची कमी नाही, आणि त्यातले निम्मे मुद्दे ब्रीडरच्या तोंडून ऐकलेल्या माहितीवर विसंबतात. लसी दिल्या का, तर हो. जंताचं औषध दिलं का, तर हो. बाप चॅम्पियन आहे का, तर असतोच. पिल्लू घेणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येईल असा पुरावा बहुतेक वेळा एकच असतो, तो म्हणजे पिल्लाची आई.

आपल्याकडे हे कोणाला शिकवावं लागू नये. सांगोल्याच्या बाजारात खिलार खोंड घ्यायला गेलेला शेतकरी ‘हे कोणत्या गाईचं’ हे विचारल्याशिवाय दावं हातात घेत नाही, आणि म्हैस घेणारा वेत किती झाले ते विचारतो, कासेला हात लावून बघतो. त्याच शेतकऱ्याचा शहरातला शिकलेला नातू मोबाइलवर फोटो बघून टोकन पाठवतो आणि पिल्लू कोणाच्या तरी गाडीतून सोसायटीच्या गेटवर उतरवून घेतो. पिल्लू स्वतः फारसं काही सांगत नाही. महिन्या-दीड महिन्याचं कोणतंही पिल्लू गोंडसच असतं, आणि आजारी पिल्लूसुद्धा ‘शांत स्वभावाचं’ म्हणून खपून जातं. आई मात्र लपवता येत नाही. ती मालकाला बघून शेपूट हलवते की अंग चोरते, अनोळखी माणूस आला की वास घ्यायला पुढे येते की कोपऱ्यात भिंतीला चिकटते, अंगावर केस आहेत की चट्टे, नखं वाढून वळली आहेत का, सड लोंबून गेले आहेत का, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. पाच मिनिटं तिच्याजवळ बसलं तरी पुरतं.

यातली अंग चोरण्याची सवय जरा नीट बघण्यासारखी आहे. २०११ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पैदाशीसाठी वापरून झालेल्या आणि नंतर घरांत सांभाळल्या गेलेल्या १,१६९ कुत्र्यांची तुलना साध्या घरगुती कुत्र्यांशी केलेली होती. कित्येकांना नव्या घरात येऊन वर्षं उलटली होती. खायला-प्यायला होतं, माया होती. तरी त्यांच्यात भीती जास्त आढळली. काहीही नसलेल्या जागेकडे एकटक बघत राहण्यासारख्या चमत्कारिक सवयी जास्त आढळल्या, आणि माणसाचा हात अंगाला लागणं त्यांना सोसत नव्हतं. ज्या प्राण्याला आपण मुख्यतः कुरवाळण्यासाठी घरी आणतो, त्याला कुरवाळणंच नको वाटावं, याहून मोठं नुकसान कोणतं? अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, वरवर चांगली वाटणारी: या कुत्र्यांमध्ये आक्रमकपणा कमी होता. आपल्याकडचा विक्रेता अशी मादी दाखवून म्हणेल, “बघा किती गरीब आहे, चावत नाही, भुंकत नाही.” गरीब आणि खचलेली यांतला फरक कळायला तिच्यापुढे हात धरून बघावा. ती तो हुंगते की मान खाली घालून थिजते, एवढंच बघायचं.

आईचा प्रश्न फक्त दयेचा असता तर ‘जगात दुःखं थोडी आहेत का’ म्हणून पुढे जाता आलं असतं. पण तो आपल्या दिवाणखान्यापर्यंत येतो. आपल्या बाजारात पिल्लू तीस-पस्तीस दिवसांचं झालं की विकायला निघतं, कारण तेव्हा ते सर्वांत गोजिरं दिसतं आणि विक्रेत्याचा खाण्याचा खर्च वाचतो. २०११ मध्येच इटलीतल्या संशोधकांनी १४० कुत्र्यांची पाहणी केली होती. निम्मी तीस ते चाळीस दिवसांची असताना आईपासून तोडलेली, निम्मी दोन महिन्यांनी. लवकर तोडलेल्यांत पुढे मोठी झाल्यावर उगाच भुंकणं, फिरायला नेलं की बिचकणं, आवाजाला घाबरणं, वस्तू फाडणं अशा तक्रारी अधिक निघाल्या. दिवाळीत पलंगाखाली थरथरणारा आणि मालक ऑफिसला गेला की चपला, उशा, सोफा एक करणारा कुत्रा ‘बिघडलेला’ म्हणून बोलणी खातो. त्याच्या बिघडण्याची एक तारीख त्याला विकल्याच्या दिवसावर लिहिलेली असू शकते. चावा किती जोरात घ्यायचा, खेळ कुठे थांबवायचा, हे पिल्लाला आई आणि भावंडंच शिकवतात. तिने न शिकवलेलं मग घरातल्या लोकांना वर्तमानपत्राची गुंडाळी हातात घेऊन शिकवावं लागतं, आणि तेही चुकीच्या पद्धतीने. भारतात २०१७ पासून कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे केंद्रीय नियम आहेत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, दीड वर्षाच्या आतली आणि आठ वर्षांवरची मादी पैदाशीला वापरता येत नाही, ब्रीडरने राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. म्हणजे पस्तीस दिवसांचं पिल्लू समोर ठेवणारा माणूस आपण नियम मोडत असल्याचं स्वतःच जाहीर करत असतो. आपण मात्र ‘किती छोटुसं आहे’ म्हणत राहतो.

विक्रेत्याला पिल्लांपेक्षा घरं चांगली कळतात, हे कबूल केलं पाहिजे. मध्यमवर्गीय घरात कुत्रा येण्याची पद्धत ठरलेली आहे. मूल दोन वर्षं हट्ट करतं, आई ‘शेवटी सगळं माझ्याच अंगावर येणार’ म्हणून अडून बसते (आणि ते खरं ठरतं), वडील आधी नको म्हणतात आणि एका रविवारी अचानक विरघळतात. विरघळले की घाई सुरू होते. वाढदिवस तोंडावर असतो, सुट्टी लागलेली असते. याच वेळी पिल्लू मुलाच्या मांडीवर ठेवलं जातं. मांडीवर बसलेलं पिल्लू परत देऊन ‘आधी याची आई दाखवा’ म्हणणं कोणत्या बापाला जमेल? त्यामुळे हा प्रश्न मांडीआधी विचारायला हवा, फोनवर, मुलाला घेऊन न जाता. खरा ब्रीडर यावर खूश होतो. तोच उलट चार प्रश्न विचारतो: घरी दिवसभर कोण असतं, फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे, गावाला गेलात तर कोण बघणार? एखाद्याला पिल्लू नाकारणारा ब्रीडर उद्धट वाटतो खरा, पण पिल्लू कुठे जाणार याची ज्याला पडलेली आहे, त्याला ते कुठून येतं याचीही पडलेली असते. उलट जो पाच वेगवेगळ्या जाती केव्हाही ‘स्टॉकमध्ये’ ठेवतो, त्याच्याकडे आया कुठे आहेत हे त्याला विचारून बघावं.

यावर आक्षेप येतात, आणि ते सगळे उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला, ‘कागदवालं पिल्लू आहे, केनेल क्लबचं सर्टिफिकेट आहे.’ कागदावर आईचं नाव असतं, आईची अवस्था नसते. दुसरा, ‘आई चिडते’ किंवा ‘बाहेरच्यांमुळे पिल्लांना संसर्ग होईल.’ यात तथ्य आहे. नुकत्याच व्यालेल्या कुत्रीजवळ परक्याने जाऊ नये, आणि पार्व्होचा विषाणू बुटांवरून येतो. पण मग बूट काढून, चार हात लांबून, आणखी दोन आठवड्यांनी दाखवा, असं म्हणता येतं. काळजी म्हणून बोलणारा लगेच तारीख देतो. बाकीचे म्हणतात, ‘ती सध्या गावाला आहे.’ तिसरा आक्षेप इंग्लंडच्या अनुभवातून येतो: कायदा झाल्यावर काही विक्रेते भलतीच मादी आई म्हणून बसवू लागले. खरं आहे. पण पिल्लं तोंड लावायला गेल्यावर जी उठून निघून जाते, जिच्या पोटाकडे दुधाची खूणही नाही, ती आई नव्हे, हे बघणाऱ्याला कळतं. खोटी आई उभी करावी लागते, यातच खऱ्या आईचं महत्त्व सिद्ध होतं.

सर्वांत अवघड आक्षेप मऊ मनाच्या माणसांचा असतो. पिंजऱ्यातलं कळकट पिल्लू बघून ते म्हणतात, “निदान याला तरी इथून सोडवूया.” या भावनेला हसू नये, तिच्याशिवाय लुसीही घरी गेली नसती. पण पिल्लाचे पैसे मोजले की ते पैसे पिंजऱ्यातल्या मादीच्या पुढच्या वेताची उचल ठरतात. एक पिल्लू सुटतं आणि त्याची आई आणखी अडकते. सोडवायचंच असेल तर विकत न घेता पशु कल्याण मंडळाकडे, पोलिसांकडे किंवा प्राणिमित्र संस्थेकडे लेखी तक्रार करावी. त्याला वेळ लागतो, आणि त्या दिवशी हाती काही येत नाही, हेही खरं. रस्त्यावरची गावठी कुत्री असताना विकत घ्यायचंच कशाला, असंही विचारलं जातं. माझं मत विचाराल तर गावठी घ्या. पण ज्याने लॅब्रेडॉर ठरवलाच आहे तो या उपदेशाने थांबत नाही, तो फक्त गुपचूप आणि घाईने घेतो. त्याला निदान आई बघायला लावणं अधिक उपयोगी.

आणि काही जातींच्या बाबतीत आई बघून पिल्लूच नको वाटेल, हेही सांगायला हवं. २००३ मधल्या मोबाइल कंपनीच्या त्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे चालणारा पग देशभरातल्या घरांना वेड लावून गेला. त्या चपट्या नाकातून श्वास घेणं किती कष्टाचं, हे पिल्लात दिसत नाही. चार वर्षांच्या आईच्या घोरण्यात ऐकू येतं. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि बॉस्टन टेरियर या जातींतल्या माद्यांची ऐंशी टक्क्यांहून अधिक वेतं शस्त्रक्रियेने सोडवावी लागत असल्याचं दिसलं. पिल्लाचं डोकं आईच्या कमरेतून निघत नाही, अशी जात आपण बनवली आहे. लुसीच्या जातीचंच बघा. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरवलं की खटल्यातली कॅव्हेलियरची पैदास त्या देशाच्या प्राणिकल्याण कायद्याचा भंग करते, कारण हृदयाचे आणि डोक्याच्या कवटीचे आनुवंशिक आजार जातीत फार खोल मुरले आहेत. इथे ब्रीडर प्रामाणिक असूनही पुरत नाही. आईच्या पोटावर टाक्यांची खूण दिसली तर किती वेळा असं झालं ते विचारावं, आणि उत्तर ‘दर वेळी’ असेल तर उठावं.

लुसीची पिल्लं कोणाकोणाच्या घरी गेली, कोणालाच सांगता येणार नाही. ती घरं वाईट माणसांची होती असं मानायला काही आधार नाही. बहुधा तिथेही एखाद्या मुलाने आईबद्दल विचारलं असेल. आपल्या घरी तो प्रश्न पिल्लू येण्याआधी विचारला जावा, एवढंच मागणं आहे. पत्ता घ्या, जिथे पिल्लू जन्मलं तिथे जा, नोंदणीचा कागद बघा, आईजवळ बसा. आई दाखवत नसतील तर टोकन देऊ नका, रिकाम्या हाताने परत या, आणि पिल्लू का आणलं नाही ते मुलाला खरं खरं सांगा.