पाच माणसं पुरतात, पण कोणती?

डिझाइनच्या प्रकल्पात पैसा आटला की पहिली कात्री युजर रिसर्चला, म्हणजे वापरणाऱ्या माणसांवर चाचणी घेऊन अडचणी शोधण्याला, लागते. मग आम्ही या व्यवसायातली माणसं पाचाच्या आकड्याचा आधार घेतो. संशोधक याकोब नीलसन आणि टॉम लँडाउअर यांनी १९९३ मध्ये हिशेब मांडला: एखादी अडचण एका माणसाच्या चाचणीत उघडी पडण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के धरली, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. क्लायंटला हे ऐकायला गोड वाटतं. मात्र सगळं गणित त्या ३१ वर उभं आहे. दहातल्या एकालाच नडणारी अडचण असेल, तर पाच जणांत ती दिसण्याची शक्यता ४१ टक्क्यांवर येते, आणि सरकारी योजनेच्या फॉर्ममध्ये दहातला एक म्हणजे काही थोडेथोडके लोक नव्हेत.

या आकड्यावर आक्षेप घेणारे कमी नाहीत. जेरेड स्पूल आणि विल श्रोडर यांनी २००१ मध्ये खरेदीच्या वेबसाइटांवर ४९ जणांना बसवलं, तेव्हा पहिल्या पाचांत ३५ टक्केच अडचणी निघाल्या. लॉरा फॉकनर यांनी २००३ मध्ये साठ जणांच्या चाचणीतून पाच-पाचांचे गट काढून पाहिले; सरासरी ८५ च्या आसपास आली खरी, पण एखाद्या गटाला ५५ टक्केच अडचणी सापडल्या, तर एखाद्याला जवळपास सगळ्या. लोक यावरून "मग पन्नास माणसं घ्या" असा निष्कर्ष काढतात. मला त्यातून वेगळंच दिसतं. फॉकनर यांच्या दोन्ही गटांत आकडा पाचच होता. फरक पडला तो कोणते पाच हाती लागले यामुळे. म्हणून बजेट तुटपुंजं असेल, तर डोकं संख्येवर नव्हे, निवडीवर खर्च करावं.

मोबाइलवरून भरायचा एखादा अर्ज घ्या. ऑफिसातल्या सहकाऱ्यांवर चाचणी फुकटात होते, आणि त्यांना काहीच अडत नाही, कारण त्यांचे फोन चांगले असतात. जुन्या, कमी मेमरीच्या फोनवर ओटीपी पाहायला मेसेजमध्ये गेलं की मागचं अ‍ॅप बंद पडतं; परत यावं तर भरलेला फॉर्म कोरा. किंवा 'मधले नाव' ही चौकट. लग्न झालेल्या बाईने तिथे वडिलांचं नाव लिहायचं की नवऱ्याचं? आधारवर एक, बँकेच्या पासबुकावर दुसरं, आणि अर्ज म्हणतो दोन्ही जुळली पाहिजेत. ही अडचण आहे हे कळायला अशी एकच बाई पुरते. अशा किती जणी आहेत, हे मात्र पाच जणींवरून कधीच सांगता येणार नाही. त्याला मोठं सर्वेक्षणच हवं. पाचांतल्या तिघी अडखळल्या म्हणून अहवालात "६० टक्के महिलांना" असं ठोकून देणं ही आमच्या धंद्यातली नेहमीची लबाडी आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: आपल्याकडची माणसं तोंडावर वाईट बोलत नाहीत, मग मूठभर लोकांच्या "छान आहे"चं करायचं काय? यावर मुंबईच्या डिझाइन-तज्ज्ञ अपाला लाहिरी चव्हाण यांनी शोधलेली 'बॉलिवूड' पद्धत मला फार आवडते. साइट कशी वाटली असं त्या विचारत नाहीत, एक प्रसंग सांगतात: तुमच्या भाचीचं लग्न ठरलंय आणि नवरा मुलगा भाडोत्री मारेकरी निघालाय, पुरावा घेऊन तातडीने विमानाने निघायचंय, करा तिकीट बुक! प्रसंगाच्या भरात भिडस्त माणूसही साइटवर चिडतो, आणि का चिडला तेही बोलून जातो. याला एका कथेपलीकडे खर्च नाही.

पाचही जणांना एकाच दिवशी बसवण्यापेक्षा तीन आणि दोन असे भाग पाडावेत, मधल्या दिवसांत सापडलेल्या चुका दुरुस्त कराव्यात, आणि प्रोग्रामरला चाचणीत शेजारी बसवावं. मग जाडजूड अहवालाची गरज उरत नाही, तो खर्च खुशाल वाचवा. येणाऱ्यांचं मानधन तेवढं कापू नये. रोज बुडवून येणं परवडलं नाही म्हणून ती बाई आलीच नाही, तर चाचणीला उरतात ती सवड असलेली, बऱ्या फोनची माणसं, आणि तसली तर ऑफिसात फुकट मिळतात.