शिबिर संपल्यावर घरी कोण येते?

यंदाही १४ एप्रिलला आम्ही आरोग्य शिबिर घेतले. विहारासमोर मंडप, निळे झेंडे, बाहेरगावाहून आलेले दोन डॉक्टर, रक्तदाब, साखर, डोळ्यांची तपासणी. दुपारपर्यंत दीडशेच्या वर माणसे तपासून झाली. फोटो ग्रुपवर पडले, संध्याकाळी मिरवणूक झाली. रात्री खुर्च्या मोजून टेम्पोत चढवत असताना आत्याने विचारले, "ज्यांचं बीपी वाढल्यालं निघालं त्यांची नावं कुणाकडं हायती?"

नावे कुणाकडेच नव्हती. डॉक्टरांनी चिठ्ठ्या लिहून ज्याच्या त्याच्या हातात दिल्या होत्या.

"आन् जी मंडपापातूर चालत येऊच शकली न्हाईत ती?"

यावरही आमच्याकडे उत्तर नव्हते. शिबिरात तोच तपासला जातो जो शिबिरापर्यंत चालत येतो. अंगावरून वारे गेलेला म्हातारा, बाळंतीण, पायाची जखम चिघळलेली बाई हे सगळे त्या दिवशी आपापल्या घरात होते आणि आमचा डीजे ऐकत होते. दहा वर्षे शिबिरे घेणाऱ्या आम्हा पोरांना ही साधी गोष्ट एका निवृत्त नर्सने दाखवून द्यावी लागली, हे लिहायला संकोच वाटतो. तरी लिहितो आहोत, कारण राज्यभर आपली मंडळे हेच करत आहेत.

आत्या आरोग्यसेविका होती. तीस वर्षांहून जास्त काळ तिने कोयनेच्या खोऱ्यातल्या वाड्या पायाखाली घातल्या. ज्यांनी कोयनानगर फक्त धरणाच्या भिंतीवर उभे राहून पाहिले असेल त्यांना या वाड्यांची कल्पना येणार नाही. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. धरणाच्या पाण्याने जुन्या वाटा गिळल्या, माणसे सोलापूर, सांगलीपासून ठाणे, रायगडपर्यंत पांगली. राहिलेली गावे डोंगराच्या कुशीला चिकटून राहिली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, सुमारे १८० माणसे गेली. त्यानंतर खोऱ्यातली तरुण पोरे आणखीच मुंबईकडे सरकली. पाटण तालुक्यातला माणूस मुंबईत माथाडी म्हणून राबला हे सगळ्यांना माहीत आहे. तो राबायला गेला तेव्हा मागे कोण राहिले? म्हातारी माणसे. आज वाडीत गेलात तर दहातल्या सहा दारांत साठीच्या पुढचे कुणीतरी एकटेच बसलेले दिसेल. हा आमचा डोळ्यांचा अंदाज आहे, सरकारी आकडा नव्हे.

जुलै २०२१ ची गोष्ट. पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगाव, ढोकावळे येथे डोंगर खचले, घरे माणसांसकट गाडली गेली. वाचलेल्यांपैकी कित्येक कुटुंबांना कोयनानगरात आसरा दिला गेला. आम्ही तांदूळ, ब्लँकेटे, साड्या घेऊन पोहोचलो. वाटप सुरू असताना एका आजीने साडी बाजूला सारली आणि विचारले, "पोरा, बीपीची गोळी हाय का?" तिची गोळ्यांची पिशवी चिखलात गेली होती. कोणती गोळी, किती पॉवरची, तिला सांगता येईना. "पांढरी, बारकी" एवढेच. आमच्याकडे दोनशे साड्या होत्या आणि पांढरी बारकी गोळी नव्हती. त्याच खोलीत एक नर्स हातात वही घेऊन माणसागणिक बसत होती. कोण गरोदर, कुणाची टीबीची गोळी चुकली, कुणाला साखर, कुणाच्या बाळाचा डोस राहिला. आजीपाशी येताच ती म्हणाली, "तुमची गोळी मला ठाऊक आहे, उद्या आणते." कारण तिने त्या आजीचे घर पाहिले होते, दारामागे टांगलेली ती पिशवी पाहिली होती.

घर पाहिलेली बाई आणि घर न पाहिलेला डॉक्टर, यांच्यात एवढा फरक आहे. लकवा मारलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर कंबरेखाली आणि टाचेला जखमा पडतात. हे डॉक्टर ओपीडीत सांगतो. पण घरात सून एकटी आहे, ती सकाळी शेतात जाते, खाट भिंतीला लागून आहे म्हणून एकाच बाजूने हात घालता येतो, हे त्याला कसे कळणार? आत्या अशा घरी गेली की आधी खाट भिंतीपासून ओढायला लावायची. मग शेजारच्या पोराला बोलावून पाठीखाली चादर घालून माणूस कसा वळवायचा ते शिकवायची. दारामागे खडूने तारीख लिहायची. औषध शेवटी.

आता जी गोष्ट सांगायची ती थोडी अवघड आहे. आत्या बौद्ध. खोऱ्यातल्या एका वाडीत भर पावसात रात्रभर बसून तिने एक बाळंतपण सोडवले. मूल आडवे होते, रस्ता बंद होता. सकाळी घरच्यांनी तिला चहा दिला तो ओसरीवर, कान तुटलेल्या कपात. तो कप दिवळीत वेगळा ठेवलेला असायचा. रात्रभर तिचे हात त्या सुनेच्या पोटावर चालले, पहाटे त्याच हातांनी नाळ कापली. कप मात्र वेगळा. आत्याने चहा घेतला नाही. पण दीड महिन्याने लसीचा डबा खांद्याला लावून ती पुन्हा त्याच ओसरीवर उभी राहिली. आम्ही चिडून विचारले, "कशाला गेलीस?" ती म्हणाली, "आज्याची जात बघून बाळाचा डोस चुकवू व्हय?"

हे आम्ही बैठकीत सांगितले तेव्हा एक तरुण कार्यकर्ता उसळला. त्याचे म्हणणे असे: १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढू नका, गलिच्छ कामे सोडा असे सांगितले, आणि आपण आपल्या मुलींना दुसऱ्यांचे मलमूत्र काढायला पाठवायचे? मुलींनी डॉक्टर व्हावे, कलेक्टर व्हावे. नर्सच का?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याच्या मागे इतिहास आहे. गावोगावी सुईणीचे काम बहुधा आपल्याच आयाबायांवर लादले गेले. बाळंतपणाचा विटाळ, म्हणून ते काम विटाळ मानलेल्या जातीचे. मोबदला काय, तर पायलीभर धान्य, जुनेर, शिळी भाकरी. नाही म्हणायची सोय नव्हती. मग आत्याचे काम त्याहून वेगळे कसे?

आमच्या मते ते वेगळे आहे, आणि वेगळे ठरते ते कामाच्या अटींमुळे. आत्याने शिक्षण घेतले, परीक्षा दिली, जाहिरात निघाली, पद मिळाले, पगार मिळाला, पेन्शन मिळाले. तिच्या सहीला किंमत होती. ती त्या ओसरीवर बलुतेदार म्हणून उभी नव्हती, शासनाची कर्मचारी म्हणून उभी होती. हात तेच, पण जन्माने लादलेले काम आणि हक्काने मिळवलेले पद यात संविधान उभे आहे. आत्याचे उत्तर आणखी थोडक्यात होते. ती त्या पोराला म्हणाली, "हगमूत काढनं ही घाण न्हवं रं. ते काढून घेऊन पगार न देनं, ती घाण."

आपण सावित्रीमाईंचा फोटो लावतो तो पुस्तकासह. योग्यच आहे. पण १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याबाहेर डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात त्या रोगी आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. घरातून रोगी उचलून आणणारी ती बाईही आपल्याला आठवली पाहिजे. आणि बाबासाहेब १९१३ ला ज्या न्यूयॉर्कमध्ये शिकायला उतरले, तिथे १९०० सालापासूनच जेसी स्लीट नावाची कृष्णवर्णीय नर्स क्षयाच्या रोग्यांसाठी आपल्या समाजाच्या घरांचे जिने चढत होती. तिला कामावर घेताना तेही थोड्या दिवसांच्या चाचणीवर. शोषितांच्या घरात शोषितांचीच लेक शिकून परत येते तेव्हा काय घडते, हे तिथेही दिसले होते.

उलट बाजूही पाहू. आज खोऱ्यातल्या आपल्या मुली पुण्याला जातात. ब्युरोमार्फत बारा तास, चोवीस तास ड्युटी. कुणाच्या फ्लॅटमध्ये अंथरुणावरच्या आजोबांना नळीने अन्न देणे, डायपर बदलणे. कित्येकींना प्रशिक्षण नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, सुट्टी नाही, ब्युरोने किती कापले याचा हिशेब नाही. तिला 'सिस्टर' म्हणतात, ताट मात्र वेगळे असते. घरी जाऊन केलेली शुश्रूषा ही तीच, पण अटी पुन्हा बलुत्याच्या. आणि त्याच मुलीची आजी इकडे वाडीत एकटी पडून आहे, तिला पाहायला कुणी नाही. हे गणित कुणाच्या सोयीचे आहे?

आशाताईंचे तसेच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली, तेव्हा नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले. १९९९ ला ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. त्याआधी १९७० पासून जामखेडला आरोळे दाम्पत्याने दलित, निरक्षर बायांना हेच काम शिकवले होते. शासनाने यातून काय घेतले? २००५ नंतर आशा आली. बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी तिने घरी जायचे. काम घेतले, पण तिला कर्मचारी म्हटले नाही. ती 'स्वयंसेविका' आणि तिचा पगार नव्हे, 'मोबदला'. तो वाढवून घ्यायला तिला रस्त्यावर बसावे लागले.

आता नियम पाहा. सपाटीवर ५,००० आणि डोंगरी, आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र. समजा दीडशे वस्तीच्या वाड्या धरल्या तर ३,००० म्हणजे २० वाड्या. नर्सने रोज एक वाडी केली तरी महिन्याला एकदाच फेरी, आणि त्यातून लसीकरणाचे दिवस, मासिक बैठक, ऑनलाइन नोंदी वजा करा. नियम डोकी मोजतो, चढ मोजत नाही. माणसे मुंबईला गेली की डोकी कमी होतात, पण चढ तेवढाच राहतो आणि मागे उरलेला माणूस जास्त म्हातारा, जास्त आजारी असतो. उपकेंद्राचे नाव आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झाले आहे. मंदिराचा प्रवेश आम्ही काळारामाला मागून झाला, इथे आम्हाला नर्स हवी आहे. याच मंदिराच्या सेवांच्या यादीत वृद्धांची आणि अंथरुणाला खिळलेल्यांची काळजीही लिहिलेली आहे. केरळने २००८ ला याचे धोरण केले आणि पंचायतीपंचायतीत त्यासाठी नर्स नेमल्या, त्या ठरल्या दिवशी घरी जातात. म्हणजे हे होऊ शकते.

काही मित्र म्हणतात, मंडळानेच दोन मुली नेमाव्यात, वर्गणी काढू. भावना चांगली आहे. पण वर्गणी दोन वर्षांत आटते, आणि त्या मुली पुन्हा मोबदल्यावर येतात. १९२८ ला मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाच्या बाजूने बोलताना बाबासाहेबांनी हा भार मुख्यतः सरकारचा आहे, कारण लोकांचे कल्याण हे सरकारचे काम आहे, अशी भूमिका घेतली होती. तीच भूमिका इथे घ्यायची. आपण शिकू, घरच्यांना शिकवू, याद्या ठेवू. पण पद सरकारचेच हवे, कायम हवे, आरक्षणासह हवे.

म्हणून शिबिरानंतर आम्ही तीन गोष्टी केल्या. दीडशे जणांच्या घरी पुन्हा गेलो. चौदा दिवस लागले, काहींच्या चिठ्ठ्या धुण्यात गेल्या होत्या, एकाने ती विडी पेटवायला वापरली होती. अंथरुणावर असलेल्यांची वेगळी वही केली, तीत सध्या २३ नावे आहेत आणि सगळी आपल्याच वस्तीची नाहीत. कान तुटलेल्या कपाचे ते घरही त्यात आहे. ती सून आता सासू झाली आहे आणि तिच्या नवऱ्याला लकवा आहे. त्या घरी कोण जाणार यावर बैठकीत बराच वेळ वाद झाला. वाद चालू असतानाच आत्याने पायात चपला घातल्या.

तिसरी गोष्ट, माहिती अधिकारात अर्ज टाकला. तालुक्यात आरोग्यसेविकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यातली कंत्राटी किती, राखीव किती, आणि गेल्या वर्षी प्रत्येक उपकेंद्रातून किती गृहभेटी झाल्या. ३० दिवस व्हायला अजून बारा बाकी आहेत. उत्तर आले की इथेच जसेच्या तसे छापू. तुमच्या तालुक्यात असाच अर्ज टाकायचा असेल तर आमचा मसुदा मागून घ्या. दर रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारात आत्या माणूस वळवायला आणि जखम धुवायला शिकवते. पोरांनीही यायचे आहे, फक्त पोरींनी नव्हे.

जयभीम!