चांदी नसलेली निगेटिव्ह

सरांचा आमच्याकडे एकच फोटो आहे. 2006 सालच्या एप्रिल महिन्यात आम्ही दोघे त्यांच्या घरी गेलो होतो, ते खरे तर आमच्या प्रबंधिकांची चौकशी करायला. आठ महिने त्या त्यांच्या टेबलावर पडून होत्या आणि सरांच्या आळसावर आम्ही कँटीनमध्ये यथेच्छ तोंडसुख घेत होतो. कॅमेऱ्यात कोडॅकची ‘बीडब्ल्यू 400 सीएन’ ही फिल्म होती. फिल्म कृष्णधवल, पण धुवायची रंगीत फिल्मच्या रसायनांत. कृष्णधवल धुणारे स्टुडिओ बंद पडत चालले होते, रंगीत लॅब मात्र जागोजागी होत्या. म्हणून ही सोय. लॅबने रंगीत कागदावर काढून दिलेली प्रत पिवळट हिरवी आली. सरांना कावीळ झाली, असे म्हणून आम्ही हसलो आणि ती पाकिटात टाकून दिली. पुढच्याच वर्षी सर गेले.

गेल्या हिवाळ्यात सरांच्या विद्यार्थ्यांनी स्मृतिग्रंथ काढायचे ठरवले, तेव्हा ती निगेटिव्ह आठवली.

साध्या कृष्णधवल निगेटिव्हमधली प्रतिमा धातुरूप चांदीची असते. इथे तसे नाही. 37.8 अंश सेल्सिअस तापमानाच्या रंगीत डेव्हलपरमध्ये सव्वातीन मिनिटांत चांदीची प्रतिमा उमटते, आणि जिथे चांदी तिथे तिच्या सोबतीने रंगद्रव्यही तयार होते. मग ब्लीच आणि फिक्सर सगळी चांदी काढून नेतात. उरते ते रंगद्रव्य. मराठीच्या मास्तरांना इथे एखादे रूपक सुचणे साहजिक आहे. आम्ही ते गिळले. कारण काळजी वेगळीच होती. रंगद्रव्य चांदीइतके टिकाऊ नसते, आणि आमची निगेटिव्ह इतके उन्हाळे-पावसाळे लोखंडी कपाटात काढून बसली होती.

आमच्यापैकी एकाच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान विभागाची जुनी डार्करूम आहे. एन्लार्जरवरची धूळ झटकण्यात एक सकाळ गेली. या निगेटिव्हचा तळ नारिंगी असतो, कारण ती रंगीत कागदासाठीच बेतलेली होती. (इलफर्डच्या ‘एक्सपी 2’चा तळ जवळजवळ निरंगी असतो, तेव्हा ती मिळाली असती तर पुढचा खटाटोप वाचला असता.) कृष्णधवल कागदाला दिसतो तो निळा आणि हिरवा प्रकाश. नारिंगी त्याला जवळपास दिसतच नाही, म्हणून तर डार्करूममध्ये तसल्या रंगाचा दिवा चालतो. म्हणजे आमचे सर त्या कागदाला न दिसणाऱ्या रंगाआडून त्याच्याकडे पाहत होते. एरवी दहा-बारा सेकंदांत होणारे काम चाळीस सेकंदांवर गेले. फोकस साधेना. भिंगातून चांदीचे कण वाळूसारखे दिसतात, त्यांवर फोकस जुळवायची आमची सवय. इथे रंगद्रव्याचे नुसते मऊ ढग. शेवटी सरांच्या चष्म्याची कड धरली.

पहिली प्रत राखेसारखी फिकट आली. नारिंगी तळ निळा प्रकाश अधिक अडवतो आणि त्यामुळे मल्टिग्रेड कागदावर काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी होतो, हे आम्ही विसरलो होतो. ती प्रत फेकणार, एवढ्यात टेबलाखालच्या करड्या अंधारात काहीतरी दिसले. सरांचा डावा पाय लाकडी पाटावर ठेवलेला होता, घोट्यापासून बोटांपर्यंत पट्टीत गुंडाळलेला. शेजारी औषधांच्या बाटल्या. त्या दिवशी आम्ही तासभर त्यांच्यासमोर बसलो होतो. निघताना ते उठले नाहीत, याचाही आम्हांला राग आला होता.

चार नंबरचा फिल्टर लावून काढलेली दुसरी प्रत उत्तम आली. कपाळावर प्रकाश, हातात पेन्सिल, मागे पुस्तकांची रांग. आणि टेबलाखाली पुन्हा गडद काळोख. पाय नाही, बाटल्या नाहीत.

स्मृतिग्रंथाला कोणती द्यायची, यावर लाल दिव्याखाली आम्ही बराच वेळ वाद घातला. सरांनी जे टेबलाखाली ठेवले ते आपण वर का आणावे, असे एकाचे म्हणणे. आपण आठ महिने जे बोललो त्याचे काय, असे दुसऱ्याचे. अखेर दुसरी प्रत पाठवली. फिकट प्रत तासभर पाण्यात धुतली, दोरीवर वाळवली. प्रबंधिका शोधून काढली तेव्हा तिच्या शेवटच्या पानापर्यंत सरांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्या पानात ती ठेवली आहे.