नॉक्सव्हिल : जिथे दर सोमवारी गावाचा नंबर लागतो

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल या शहरात पाहुण्याला दोन गोल हमखास दाखवले जातात. पहिला सोनेरी. १९८२ साली येथे जागतिक प्रदर्शन भरले, त्यासाठी उभारलेल्या ‘सनस्फिअर’ मनोऱ्याच्या माथ्यावर तो बसवला आहे. दुसरा गोल म्हणजे चक्क एक बास्केटबॉल. तीस फूट उंच, दहा टन वजनाचा. महिला बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिराचे, म्हणजे ‘हॉल ऑफ फेम’चे हे छत्रच म्हणा ना! १९९९च्या जूनमध्ये हे कीर्तिमंदिर उघडले. केवळ मुलींच्या एका खेळासाठी शहराने एवढी मोठी वास्तू उभारावी, याचे नवख्याला नवल वाटते. नॉक्सव्हिलच्या माणसाला मात्र त्यात काही विशेष वाटत नाही. त्याच्या मते ती दुसरीकडे कुठे उभी राहणे शक्यच नव्हते.

शहर तसे मध्यम. वस्ती दोन लाखांच्या आसपास. टेनेसी नदी त्याला वळसा घालून जाते आणि आग्नेयेला तासाभराच्या अंतरावर ग्रेट स्मोकी पर्वताच्या निळसर रांगा सुरू होतात. नदीकाठीच टेनेसी विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे. विद्यापीठाचा रंग नारिंगी. सामन्याच्या दिवशी टोप्या, मफलर, मोटारींवरची निशाणे, दुकानांच्या काचा, सगळे त्या रंगात बुडून जाते. पुरुषांच्या फुटबॉलसाठी तर काही शौकीन नदीतून होड्या घेऊनच स्टेडियमच्या धक्क्याला येऊन लागतात. पण हिवाळा आला की नॉक्सव्हिलचे बोलणे मुलींच्या संघाकडे वळते. या संघाचे नाव ‘लेडी व्हॉल्स’.

नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत येथील सोमवार वेगळा असतो. त्या दिवशी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेतर्फे देशातील पहिल्या पंचवीस महिला महाविद्यालयीन संघांची क्रमवारी जाहीर होते. ती ठरवतात क्रीडा पत्रकार. प्रत्येकाने पंचवीस नावांची यादी द्यायची. पहिल्या नावाला पंचवीस गुण, दुसऱ्याला चोवीस, असे करत शेवटच्याला एक. साऱ्यांची बेरीज केली की यादी तयार. हिशेब एवढा सोपा आहे की तो कुणालाही घरी बसून करता येतो. आणि चाहते तेच करतात. पत्रकारांचा कौल त्यांचा, आमचा कौल आमचा! याच पद्धतीने प्रत्येकाची यादी गोळा करायची, गुण मोजायचे आणि चाहत्यांची स्वतःची क्रमवारी लावायची, ही महिला बास्केटबॉलच्या जगात मुरलेली हौस आहे. नॉक्सव्हिलइतकीच ती कनेक्टिकटमधील स्टॉर्स, आयोवा सिटी किंवा साउथ कॅरोलिनातील कोलंबिया या गावांतही आहे.

हे काम वाटते तितके सोपे नाही. अमेरिकेत महिलांचे पहिल्या श्रेणीचे साडेतीनशेहून अधिक महाविद्यालयीन संघ आहेत. पंचवीस नावे निवडायची म्हणजे सव्वातीनशे गाळायची. मग वाद सुरू होतात. एखादा संघ सगळे सामने जिंकत आला, पण त्याने गाठ घेतली ती दुबळ्यांशीच. दुसरा चार सामने हरला, पण चारही बलाढ्यांशी. वर कोण? आजवर काय केले ते पाहायचे, की उद्या दोघे समोरासमोर आले तर कोण जिंकेल याचा अंदाज बांधायचा? मुख्य खेळाडूचा गुडघा दुखावला असेल तर संघाला खाली आणायचे का? मुरलेले चाहते यावर रात्र-रात्र घालवतात. पश्चिम किनाऱ्यावरचे सामने पूर्वेकडील वेळेप्रमाणे उशिरा सुरू होतात, तेही जागून पाहतात. पोटापाण्यासाठी डझनभर सामन्यांच्या बातम्या लिहिणाऱ्या पत्रकाराला अनेकदा एवढी सवड नसते. म्हणूनच चाहत्यांची यादी काही वेळा अधिक चोखंदळ ठरते, असे मानायला जागा आहे.

गंमत म्हणजे या साऱ्या खटाटोपाला अधिकृत किंमत शून्य. मार्चमधील राष्ट्रीय स्पर्धेसाठी ६८ संघ निवडले जातात ते एका समितीकडून. ती पत्रकारांचा कौल मानत नाही, तर चाहत्यांचा कुठून मानणार? तरीही समितीच्या निर्णयाकडे गावाचे डोळे लागलेले असतात, कारण त्यात गावाचा रोकडा स्वार्थ आहे. महिलांच्या स्पर्धेत वरच्या सोळा संघांना पहिल्या दोन फेऱ्या आपल्या घरच्या मैदानावर खेळायला मिळतात. सोळावा नंबर आणि सतरावा नंबर यांत गुणांचा फरक नखाएवढा असेल, पण सोळाव्याच्या गावातली हॉटेले भरतात आणि सतराव्याचा संघ बॅगा भरून परगावी जातो.

या खेळात नंबर लावण्याचे एवढे अप्रूप का, हे कीर्तिमंदिरात फिरताना उमगते. एकेकाळी या मुलींची कुठे मोजदादच नव्हती. कोण कुठे खेळते, कोण जिंकते, याचा पत्ता राज्याबाहेर लागत नसे. १९७६ साली ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ या दैनिकाचे क्रीडा संपादक जे सर्सी यांनी मेल ग्रीनबर्ग या तरुण वार्ताहराला महिला संघांची देशव्यापी क्रमवारी लावायला सांगितले. ग्रीनबर्ग यांनी ठिकठिकाणच्या प्रशिक्षकांना दूरध्वनीवर गाठून मते गोळा करायला सुरुवात केली. आजच्या क्रमवारीचे मूळ ते. पुढे प्रशिक्षकांऐवजी पत्रकार मत देऊ लागले. पण खरी किमया झाली होती ती पहिल्याच यादीने. मिसिसिपीतल्या प्रशिक्षकाला पेनसिल्व्हेनियातील संघाचे नाव कळले आणि वर्तमानपत्राच्या पानावर मुलींच्या खेळासाठी दर आठवड्याला एक हक्काची चौकट मिळाली. ग्रीनबर्ग यांना २००७ साली या कीर्तिमंदिरात मानाचे स्थान मिळाले, ते उगीच नाही.

त्याआधीचा काळ तर आज खरा वाटणार नाही. टेनेसीतील शाळांमध्ये मुलींचा बास्केटबॉल सहा जणींचा असे. तीन पुढे, तीन मागे, आणि मधली रेघ कुणीच ओलांडायची नाही. मागच्या तिघींनी फक्त बचाव करायचा. म्हणजे एखादी मुलगी शाळेची सारी वर्षे संघात राहूनही सामन्यात एकदासुद्धा बास्केटमध्ये चेंडू टाकू शकत नसे! मुलींना धावपळ झेपणार नाही, ही त्यामागची समजूत. नॉक्सव्हिलपासून जवळच असलेल्या ओक रिज गावातील एका विद्यार्थिनीने १९७६ मध्ये या नियमाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. खालच्या न्यायालयात ती जिंकली, वरच्या न्यायालयात निकाल फिरला. पण प्रश्न आता लपण्यासारखा राहिला नव्हता. १९७९ मध्ये टेनेसीच्या शाळांनी पाच जणींचा, पूर्ण मैदानाचा खेळ स्वीकारला. आयोवा राज्यात तर सहा जणींचा खेळ १९९३ पर्यंत चालू होता. रेघेच्या अलीकडे खेळून मोठ्या झालेल्या या पिढीतील स्त्रिया आज आजीच्या वयाच्या आहेत. चाहत्यांच्या गर्दीत पांढऱ्या केसांच्या बायका इतक्या का दिसतात, याचे एक उत्तर येथे सापडते.

आणि नॉक्सव्हिलचा विषय पॅट समिट यांच्याशिवाय पुरा होणार कसा? विद्यापीठाच्या आवारात त्यांचा पुतळा आहे, त्यांच्या नावाचा रस्ता आहे आणि थॉम्पसन-बोलिंग अरिना या भव्य क्रीडागृहातील मैदानालाही त्यांचेच नाव आहे. टेनेसीतल्या शेतकरी कुटुंबात १९५२ साली जन्मलेली ही मुलगी गवताच्या माळ्यावर भावांबरोबर बास्केटबॉल शिकली. गावच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता म्हणून वडिलांनी बिऱ्हाड शेजारच्या परगण्यात हलवले! १९७४ मध्ये, अवघ्या बावीस वर्षांच्या वयात, त्या विद्यापीठाच्या प्रशिक्षक झाल्या. पगार महिना २५० डॉलर. संघाची गाडी त्याच चालवत, खेळाडूंचे कपडेही त्याच धूत. पहिला सामना त्या एका गुणाने हरल्या. १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये त्या स्वतः अमेरिकेकडून खेळल्या आणि रौप्यपदक घेऊन आल्या. एकूण ३८ हंगामांत १०९८ विजय आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदे. त्यांच्या हाताखाली पूर्ण मुदत खेळलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊनच बाहेर पडली, ही गोष्ट नॉक्सव्हिलचे पालक विजेतेपदांच्याही आधी सांगतात, आणि ते योग्यच आहे.

समिट यांच्या काळात क्रमवारी हा नॉक्सव्हिलचा जणू घरचा सण होता. टेनेसी पहिली की दुसरी, एवढाच प्रश्न. १६ जानेवारी १९९५ रोजी पहिल्या क्रमांकावरील टेनेसी आणि दुसऱ्या क्रमांकावरील कनेक्टिकट यांची पहिल्यांदाच गाठ पडली, तो दिवस सोमवारच होता. निकाल लागेपर्यंत त्या आठवड्याचे मतदान थांबवून ठेवण्यात आले. कनेक्टिकट ७७-६६ ने जिंकले आणि प्रथमच पहिल्या स्थानी गेले. त्या हंगामात ते एकही सामना हरले नाहीत. अंतिम सामन्यातही त्यांनी टेनेसीलाच हरवले. तेव्हापासून कनेक्टिकटचे नाव काढले की नॉक्सव्हिलच्या कपाळावर आठी पडते. मात्र समिट यांना अल्झायमरचा आजार झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले, त्यानंतर त्यांच्या नावाने निघालेल्या निधीला दहा हजार डॉलर्स देणाऱ्यांत कनेक्टिकटचे प्रशिक्षक जीनो ऑरिएमा होते, हेही नॉक्सव्हिल विसरलेले नाही.

चाहत्याची खरी परीक्षा मात्र संघ वर असताना होत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो सोमवार उजाडला. १९८५ पासून सलग ५६५ आठवडे क्रमवारीत असलेले टेनेसीचे नाव पहिल्या पंचविसांतून गळले. एकतीस वर्षांत जन्मलेल्या, शिकलेल्या, लग्न होऊन मुलेबाळे झालेल्या माणसांनी आपल्या गावाशिवायची यादी पाहिलीच नव्हती. पत्रकारांनी नाव गाळले, ते परके. पण त्याच आठवड्यात ज्या चाहत्याला स्वतःची यादी लिहायची होती, त्याने काय करावे? पंचविसाव्या ओळीवर येऊन थांबलेला पेन कुणाचे नाव लिहील? घरच्या संघाला खोटे गुण द्यावेत, तर बाकीची चोवीस नावेही खोटी ठरतात. आणि खरे लिहावे, तर आपल्याच हाताने घरच्यांना पंगतीतून उठवल्यासारखे होते. चाहत्यांच्या कौलावर पक्षपाताचा आरोप नेहमी होतो आणि तो अगदीच खोटा नाही. आपल्या संघाला दोन घरे वर चढवणारे सगळीकडे असतात. पण चांगल्या चाहत्यांमध्ये अशा माणसाची पत राहत नाही. त्याच वर्षी २८ जूनला समिट गेल्या. त्यांच्यासाठी क्रीडागृहात भरलेल्या शोकसभेला गाव लोटले होते.

नॉक्सव्हिलचे चाहते केवळ याद्या करत बसतात असे समजू नये. २०१४ मध्ये विद्यापीठाने बास्केटबॉल वगळता मुलींच्या इतर सर्व संघांचे ‘लेडी व्हॉल्स’ हे नाव काढून टाकण्याचे जाहीर केले आणि पुढच्या वर्षी ते अमलातही आणले. चाहते आणि माजी खेळाडू चिकाटीने विरोध करत राहिले. अखेर २०१७ मध्ये विद्यापीठाला ते नाव परत द्यावे लागले.

दरम्यान खेळ गावापुरता उरलेला नाही. २०२४ चा साउथ कॅरोलिना विरुद्ध आयोवा हा महिलांचा अंतिम सामना अमेरिकेत दूरचित्रवाणीवर पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा अधिक लोकांनी पाहिला. नॉक्सव्हिलचे शेवटचे राष्ट्रीय विजेतेपद २००८ सालचे आहे. नव्या संघांची नावे वर चढली आहेत आणि जुने चाहते ती आपल्या हाताने वर लिहीत आहेत, कधी कुरकुरत, कधी मनापासून.

नॉक्सव्हिलला जायचे तर स्मोकी पर्वतातील रंगीत पानझडीसाठी बहुतेक प्रवासी ऑक्टोबर निवडतात. मुलींचा सामना पाहायचा असेल तर जानेवारी-फेब्रुवारी बरे. थंडी असते, पण क्रीडागृहात जाणवत नाही. नॅशव्हिलहून मोटारीने सुमारे तीन तास लागतात. कीर्तिमंदिरासाठी अर्धा दिवस हाताशी ठेवावा. जुने पोशाख आणि छायाचित्रे तर आहेतच, शिवाय खालच्या भागात येणाऱ्यांना स्वतः चेंडू टाकून पाहण्याची सोय आहे. मुले बरोबर असतील तर तेथून त्यांना लवकर बाहेर काढता येत नाही. आणि मुक्काम रविवारी संपवू नये. सोमवारची नवी यादी निघाल्यावर नॉक्सव्हिलच्या एखाद्या उपाहारगृहात शेजारच्या टेबलावर काय बोलणे चालते, ते ऐकायला मिळते.