लग्न कोठे लागावे?

लग्नाचे वऱ्हाड परदेशी निघते, ही कल्पना लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात महाराष्ट्राने पोट धरून हसत पाहिली. आता तीच कल्पना घरोघरच्या अंदाजपत्रकात गंभीरपणे येऊन बसली आहे. गोंदियातील आमच्या एका स्नेह्यांच्या कन्येने आपला विवाह जून महिन्यात ग्रीस देशातील सांतोरिनी बेटावर व्हावा असा मनोदय प्रकट केला, तेव्हापासून त्यांच्या दिवाणखान्यात पंचांगाशेजारी त्या बेटाचा नकाशा पसरलेला असतो.

बेटाचे सौंदर्य आम्हांस मान्य आहे. प्राचीन काळी ज्वालामुखीच्या स्फोटाने भूमीचा मधला भाग समुद्रात खचला, आणि उरलेल्या कड्यांच्या माथ्यावर आज पांढरीशुभ्र घरे उभी आहेत. तेथील भूमी मात्र अद्याप निवांत झालेली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये भूकंपाचे धक्के एकामागून एक बसू लागताच हजारो लोक बेट सोडून गेले. परंतु खरी अडचण भूकंपाची नव्हे, पाहुण्यांची आहे. प्रत्येकास पासपोर्ट हवा. माणशी ९० युरो शुल्काचा शेंगेन व्हिसा हवा. त्यासाठी बोटांचे ठसे देण्यास परगावी जावयास हवे. शिवाय आमचा हा मुलूख धानाचा. जूनमध्ये पऱ्हे टाकावयाचे, जुलैत रोवणी करावयाची. बांधीतील चिखल सोडून चुलत्याने समुद्रकाठी अक्षता टाकावयास जावे तरी कसे? परिणामी पाहुण्यांची यादी आटत आटत ४० वर आली आहे.

थोडक्यात लग्न करावे, हा विचार आम्हांस प्रिय आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला आणि भटजीवाचून, अल्प खर्चात लग्ने लावण्याचा पायंडा पाडला. तथापि त्या साधेपणाचा हेतू गरिबासही कर्जावाचून मांडव घालता यावा, हा होता. बेटावरचे लग्न लहान असते ते गरीब आप्तास तेथवर पोहोचता येत नाही म्हणून. दोन्ही ठिकाणी पाने थोडीच मांडली जातात. पण एका ठिकाणी दार रुंद होते, दुसऱ्या ठिकाणी अरुंद.

कायद्याचे म्हणाल, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्यास ३ साक्षीदार पुरतात. समाजास तेवढे पुरत नसत. मांडवात जमलेला प्रत्येक जण जेवावयास येई हे खरे. परंतु तो साक्षीदारही असे. पुढे त्या संसारात आजारपण आले, तंटा उभा राहिला, तर ‘तुमच्यावर आम्ही अक्षता टाकल्या आहेत’ असे म्हणून उंबरठा ओलांडण्याचा अधिकार त्यास लाभे. देखणा कडा आणि मावळता सूर्य यांस हे काम जमण्यासारखे नाही.

हे आम्ही त्या मुलीस सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “काका, आमच्या आत्याच्या लग्नाला सारे गाव होते. तिने दोनदा माहेर गाठले; दोन्ही वेळा अक्षता टाकणाऱ्यांनीच तिला परत नांदावयास पाठवले. त्या साक्षीचा तिला काय उपयोग झाला?”

या प्रश्नास चटकन उत्तर देणे सोपे नाही. साक्षीदार ऐन वेळी सासरचे वकील झाले, हा दोष साक्षीचा नव्हे, साक्षीदारांचा, असे म्हणता येईल; पण ज्या घरात ते घडले तेथील मुलीस या तर्काने समाधान कसे वाटावे? तिचे मन बेटाकडे ओढ घेते ते केवळ निळ्या पाण्यासाठी नव्हे, हे आम्हांस त्या दिवशी उमगले. आपल्या माणसांवरचा विश्वास जेथे एकदा उडाला, तेथे मांडव गावात घातला काय आणि ग्रीसमध्ये घातला काय, तो विश्वास नव्यानेच मिळवावा लागतो. आणि तो मिळवण्याचे काम वधूचे नसून आप्तांचे आहे.

बेत अद्याप कायम आहे. विमानप्रवास न झेपणाऱ्या आजीने त्याविरुद्ध अवाक्षर काढलेले नाही. तेथे सूर्यास्तास लग्न लागेल तेव्हा आपल्याकडे किती वाजलेले असतील, एवढेच तिने विचारले. रात्रीचे ११, असे कळल्यावर ती म्हणाली, “मग त्या दिवशी दुपारी थोडी झोप घेईन.”