निगेटिव्हमधले पळसदेव

आपल्या मध्यमवर्गीय घरांत फोटोला जितका मान, तितकीच निगेटिव्हची आबाळ. फोटो भिंतीवर चढतो, त्याला हार पडतो, निदान आल्बमच्या काळ्या पानावर चार कोपऱ्यांत अडकून तरी तो ऐटीत बसतो. निगेटिव्ह मात्र जाते माळ्यावर. बिस्किटांच्या एखाद्या डब्यात, जुन्या पावत्या, बाद झालेली रेशनकार्डे नि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या यांच्या सोबतीने ती वर्षानुवर्षे पडून राहते. तिला टाकून देण्याचा धीर कुणाला होत नाही आणि तिच्याकडे पाहण्याची सवड कुणाला मिळत नाही.

असा एक डबा धाकट्या मामांच्या पश्चात माझ्याकडे आला. मामा इंदापूरला शाळामास्तर होते. पगारातून पैसे साठवून त्यांनी एक बॉक्स कॅमेरा घेतला होता नि सुट्टीत घरी जाताना तो ते बरोबर नेत. घर म्हणजे पळसदेव. आज पुणे-सोलापूर रस्त्यावर लागते ते नव्हे. भीमेच्या काठचे जुने. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले, पण पाणी त्याआधीच चढत चढत गावात शिरले होते आणि गावाने आपले बिऱ्हाड वर माळावर हलवले होते. माझा जन्म त्यानंतरचा. आजोळ म्हटले की इतरांना आमराई आठवते, मोट आठवते. मला आठवते ते एक भले मोठे पाणी, आणि त्याच्याकडे बोट दाखवून ‘तिथं आपलं घर होतं’ असे म्हणणारी आई. आई आता नाही. तिने बोट दाखवलेली जागा नेमकी कोणती, हे तिला विचारून घ्यायचे राहिले ते राहिलेच.

डबा उघडला तेव्हा प्रथम भेटला तो वास. आंबट, हॉटेलातल्या सिरक्यातल्या कांद्याची आठवण करून देणारा. हा वास म्हणजे धोक्याची घंटा असते. त्या काळच्या बहुतेक फिल्मचा पाया सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा. उष्णतेने आणि दमटपणाने तो विघटू लागला की त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटते. हे आम्ल पुन्हा त्याच विघटनाला वेग देते, आणि शेजारच्या चांगल्या पट्ट्यांनाही आपल्या वाटेला लावते. फिल्म आक्रसते, कुरळी होते, वरचा चित्राचा थर सुरकुततो. एकदा सुरू झालेली ही क्रिया मागे फिरवता येत नाही. थंड, कोरड्या जागी ठेवून ती मंद मात्र करता येते. म्हणून पहिले काम, वास येणाऱ्या पट्ट्या वेगळ्या काढण्याचे. दुसरे, सगळ्यांना प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून सोडवून कागदी पाकिटांत घालण्याचे. फिल्मच्या कडेला ‘सेफ्टी’ असा शब्द छापलेला होता, तो पाहून हायसे वाटले. त्याआधीच्या नायट्रेट फिल्मला तर पेट घ्यायला निमित्तच लागते.

मग सुरू झाला छाटणीचा खेळ. सुती हातमोजे घालायचे, पट्टी कडेने धरायची, फुंकणीने धूळ उडवायची आणि उजेडाच्या पेटीवर ती ठेवायची. हलक्या भिंगातून पाहिले की काळे आभाळ नि त्याखाली पांढऱ्या डोक्यांची, काळ्या तोंडांची माणसे दिसतात. सख्खा आजोबादेखील तिथे ओळखू येत नाही. शिवाय पट्टी उलटी पडली की डाव्याचे उजवे होते. फिल्मची मंद बाजू ती चित्राची, चकचकीत ती पायाची, हे ध्यानात धरले म्हणजे निभते. तरीही शंका आलीच तर सदऱ्याचा खिसा पाहावा, तो डाव्या छातीवर असला पाहिजे. किंवा एखादी पाटी शोधावी. गाव ओळखायचे असेल तर ही बाब क्षुल्लक नाही. बाजू चुकली की नदी पूर्वेची पश्चिमेला जाते आणि सारे गावच आरशात शिरते.

माझा भाचा संगणकाच्या क्षेत्रात आहे. स्कॅनिंगची बाजू त्याने सांभाळली. मामांच्या कॅमेऱ्यात १२० नंबरची फिल्म बसे. एका रोलमध्ये बारा चौकोनी चित्रे, प्रत्येक बाजू साडेपाच सेंटिमीटरांहून थोडी मोठी. इंचाला २,४०० ठिपके या हिशेबाने एका चौकोनाच्या एका बाजूला पाच हजारांहून अधिक ठिपके मिळतात, आणि आजीच्या नथीतला मोती मोजता येतो. प्रत्येक चित्राची एक मोठी, न दाबलेली प्रत ठेवायची, नातेवाइकांना धाडायला लहान प्रत काढायची, नि सगळ्यांच्या तीन नकला करून त्यांतली एक दुसऱ्या घरी ठेवायची, असा त्याचा शिरस्ता. सारे झाल्यावर तो म्हणाला, “मामा, आता हा डबा टाकून दिला तरी चालेल.”

मी म्हटले, “अरे, अजून आपल्याला यातलं एकही माणूस भेटलेलं नाही.”

खरोखरच दोनशे चौदा चित्रे पडद्यावर स्वच्छ उमटली होती आणि त्यांतली निम्मीअधिक आम्हांला परकी होती. नाव नसलेला फोटो कितीही लख्ख असला तरी तो रेल्वेच्या डब्यातल्या अनोळखी प्रवाशासारखा. पाहावे, हसावे नि उतरून जावे.

यातून वाट दाखवली ती कात्रीने. स्टुडिओवाल्याने प्रत्येक रोल चार-चार चित्रांच्या तीन पट्ट्यांत कापला होता, आणि कापताना त्याचा हात थोडा तिरका जात असे. एका पट्टीची तिरकी कड दुसरीच्या तिरक्या कडेशी जुळवली की फुटलेल्या बशीचे तुकडे जुळावेत तसा रोल पुन्हा अखंड होई. ‘पळसदेव, मे ६४’ एवढेच लिहिलेला एक रोल असा जुळला, आणि माझ्या ध्यानात आले की या बारा चित्रांत मामा चालत निघाले आहेत. पहिल्यात नदीचा उतार. दुसऱ्या-तिसऱ्यात पळसनाथाचे देऊळ. खाली दगडी काम, वर विटांचे उंच शिखर. मग बोळ, मग पार, मग दारात उभी राहिलेली मुले. एकेक चित्र आल्बममध्ये पाहिले असते तर ती बारा चित्रे होती. ओळीने पाहिली तेव्हा तो रस्ता झाला.

त्या रस्त्यातले सातवे चित्र आल्बममध्ये नव्हतेच. कसे असेल? त्यात एक बाई कॅमेऱ्याकडे पाठ करून, कमरेवर घागर घेऊन विहिरीकडे चालली आहे. चेहरा दिसत नाही. ज्या चित्रात चेहरा नाही, त्याची प्रत काढण्यात पैसे कोण घालवील? आल्बममध्ये जाते ते घराने दाखवायचे ठरवलेले. उरलेले सारे निगेटिव्हमध्ये राहते.

हे चित्र घेऊन मी कोथरूडला मावशीकडे गेलो. मावशी ऐंशीची. जुने पळसदेव पाहिलेले आमच्यातले आता तीच एक माणूस. एका डोळ्याने तिला जेमतेम दिसते, म्हणून चित्र मोठे करून पडद्यावर लावले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “घागर उजव्या कमरेवर घेतलीय बघ. डावा हात तिचा पडल्यापासून धरला होता. आई आहे ही.”

आमच्या घरात आजोबांचा फोटो आहे. आजीचा नाही. ती १९६६ साली गेली. फोटो काढायचा म्हटले की ती आत निघून जात असे, एवढेच आम्ही ऐकत आलो होतो. मामांनी तो पाठीमागून, तिला नकळत काढला असावा.

मावशीने चष्मा पुसला आणि निराळेच विचारले, “विहीर अजून असेल का रे?”

२०२४ चा तो उन्हाळा. उजनीचा साठा वजा झाल्याच्या बातम्या रोज येत होत्या. धरणात पाणी वजा कसे असते, असा प्रश्न शहरातल्या माणसाला पडतो. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ अब्ज घनफूट. त्यातली निम्म्याहून जास्त, म्हणजे ६३ अब्ज घनफुटांवर, ‘मृतसाठा’ म्हणून धरलेली. पाणी त्याच्याही खाली उतरले की आकडा वजा होतो. सोलापूरला पिण्याच्या पाण्याची चिंता लागते, उसाची पाने करपतात, आणि त्याच वेळी बुडालेली गावे डोके वर काढतात. एकाचे संकट ते दुसऱ्याचे दर्शन, असा हा विचित्र योग.

बारा चित्रांच्या छापील प्रती पिशवीत घालून मी निघालो. हडपसर, यवत, पाटस, कुरकुंभ मागे पडले. भिगवणला मासळीचे लिलाव उरकून गाड्या परतत होत्या. हिवाळ्यात जिथे रोहित पक्षी पाहायला पुण्या-मुंबईची मंडळी दुर्बिणी घेऊन येतात, तिथे आता पाणी दूर गेले होते. पळसदेवला महामार्ग सोडून खाली उतरलो. पुढे गाळच गाळ. वाळून त्याला हातहात रुंद भेगा पडलेल्या. मध्येच उरलेला पाण्याचा पट्टा ओलांडायला एका मच्छीमाराची होडी मिळाली. तळाशी चिलापीचे जाळे, वल्ह्यावर साठीचा माणूस. त्याच्या हाती पहिले चित्र दिले. त्याने ते उन्हाकडे धरले आणि म्हणाला, “गुरुजी, हे आमच्या उताराचं. हितं माझा बा नाव लावायचा.”

पलीकडे देऊळ उभे होते. इतकी वर्षे पाण्यात राहून विटांचे शिखर झिजले आहे, पण बांधा तोच. भोवती वीरगळ, कुणी कुणासाठी प्राण दिले ते सांगणारी नावे त्यांवर नाहीत. नाव नसलेल्या फोटोंची ही थोरली भावंडे! लोक जोत्याजोत्यांवरून हिंडत होते. कुणी नारळ फोडत होते, कुणी पोरांना ‘हा आपला उंबरा’ म्हणून एक रिकामा चौकोन दाखवत होते. दारे, तुळया, चांगले चिरे समद्यांनी गाड्यावर घालून तेव्हाच वर नेले, असे होडीवाल्याने सांगितले. खाली राहिली ती घरांची मापे.

सातवे चित्र पुढे धरून आम्ही दोघे मागे-पुढे सरकत राहिलो. चित्रात शिखराचे टोक सभामंडपाच्या उजव्या कडेला लागूनच दिसते. जिथून ते तसेच दिसेल, तिथे मामा उभे असणार. बरीच पावले डावीकडे, थोडी मागे. मग एका जागी दोन्ही रेघा मिळाल्या. समोर वीस-पंचवीस पावलांवर दगडांचे एक कडे जमिनीला समपातळीत दिसत होते. आत गाळ, काठोकाठ.

होडीवाला म्हणाला, “गोड्या पाण्याची व्हती ही. नदी असून बायका हिच्यावर यायच्या.”

मी त्याच जागेवरून, त्याच मापाचे एक चित्र घेतले.

मावशीने ते नवे चित्र पाहिले आणि बाजूला ठेवले. “असू दे तुझ्यापाशी. मला आईचं तेवढं मोठं करून दे.” मग तिने बाकीची चित्रे पुढे ओढली. चार रविवार आम्ही बसलो. ती नावे सांगे, नाती सांगे, कोण कुणाला कर्जाऊ धान्य देई नि कोण परत करीत नसे तेही सांगे; मी प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने लिहून घेई. दोनशे चौदांपैकी एकशे साठांना नावे मिळाली. भाच्याने ती संगणकातही घातली. डबा टाकून देण्याची भाषा त्याने पुन्हा काढली नाही. पाकिटे आता त्याच्याच कपाटात, कोरड्या जागी आहेत.

त्या पावसाळ्यात उजनी भरले. सोलापूरची चिंता मिटली, नि पळसदेव पुन्हा खाली गेले. ते पुन्हा वर येईल. एखादा कोरडा उन्हाळा पुरे. उरलेल्या चोपन्न माणसांची नावे मात्र कुठल्या उन्हाळ्यात वर येणार नाहीत. ती मामांना ठाऊक होती, आईला ठाऊक असावीत.

दिवाळीच्या साफसफाईत तुमच्याही माळ्यावरून असा एखादा डबा खाली आला असेल. स्कॅनर बाजारात केव्हाही मिळेल. त्याआधी पेन्सिल घ्या, आणि भाऊबीजेला घरी येणाऱ्या आत्याला जेवणानंतर थोडे बसवून घ्या.